सातवा ओटा

आपली बायको जगदेवी गेली हे रेवणप्पाला कळलं तेव्हा तो बीडला, भूसंपादनाच्या कचेरीत खोटी शपथ घेऊन नुकताच बाहेर आला होता.

कचेरीसमोर चहाचं हॉटेल होतं आणि हॉटेलच्या कोपऱ्यात पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ. बोरखंडीची सात-आठ माणसं बाकांवर बसून भजी खात होती. सुनावणी संपली होती. सगळ्यांनी ठरल्याप्रमाणं एकसारखं सांगितलं होतं, आणि आता कुणाला कुणाच्या तोंडाकडं बघायचं नव्हतं म्हणून सगळे भज्यांकडं बघत होते. बूथवाल्यानं डोकं बाहेर काढलं.

"बोरखंडीचं कोण हाय? सिरसाळ्याहून फोन हाय."

सुंदरराव उठले. गावाचं काम असलं की तेच उठायचे. ते फोनवर फार बोलले नाहीत. परत आले आणि रेवणप्पाच्या समोर उभे राहिले.

"रेवणप्पा, जरा बस."

"बसलोच की."

सुंदररावांनी टोपी काढून हातात घेतली. "जगदेवीवहिनी गेल्या. दुकानात गूळ तोलता तोलता छातीला हात लावला म्हणं आन खाली बसल्या. जीपनं सिरसाळ्याला नेलं, पर वाटंतच..."

रेवणप्पानं त्यांच्याकडं पाहिलं आणि विचारलं, "मग दुकान कुणाकडं हाय?"

हे वाक्य त्याच्या तोंडून गेलं. सगळ्यांनी ऐकलं. पुढं कितीतरी दिवस, काहीही करत असताना, हे वाक्य त्याला ऐकू यायचं आणि तो हातातलं काम टाकून उभा राहायचा.

सगळे जीपनं परत निघाले. वडवणीच्या पुढं पाऊस लागला. रेवणप्पा मागच्या बाकावर पाय जवळ घेऊन बसला होता. दुपारी साहेबांसमोर उभं राहून तो म्हणाला होता, 'माझ्या आजाची समाधी त्या शेतात हाय, मी खरं सांगतो.' जगदेवीनं छातीला हात लावला ती वेळ आणि ही वेळ एकच होती का, एवढंच तो सारखं मोजत होता. सोबतच्या धोंडीरामनं तेलगावला जीप थांबवून अंबाजोगाईला फोन लावला आणि वसतिगृहात रेवणप्पाच्या लेकीला, रोहिणीला, निरोप ठेवला.

घरी पोचला तेव्हा जगदेवीला भिंतीला टेकून बसवलेलं होतं. लिंगायतांत माणूस गेल्यावर आडवं ठेवत नाहीत. शेजारच्या वत्सलाबाईनं आणि आणखी दोघींनी तिला अंघोळ घालून, हिरवं लुगडं नेसवून, कपाळाला विभूती लावून बसवलं होतं. मान कलू नये म्हणून मागून पांढरा पट्टा बांधला होता. दिवसभर दुकानात बसून दमल्यावर ती अशीच भिंतीला टेकायची. रेवणप्पा तिच्यासमोर बसला आणि त्याला वाटलं, आता ही म्हणेल, 'अवो, चप्पल बाहेर काढा.' तो उठला आणि खरोखरच चप्पल बाहेर काढून आला.

रात्रीतून रोहिणी आली. सकाळी बसय्या स्वामी आले आणि पहिली अडचण त्यांनीच सांगितली. लिंगायतांची रुद्रभूमी, माणसं पुरायची जागा, ओढ्याच्या पलीकडं. ओढ्याला तीन दिवस पाणी होतं आणि पाणी छातीच्या वर होतं. मखरात बसवलेलं माणूस खांद्यावर घेऊन त्या पाण्यातून जाणं शक्य नव्हतं.

"वाट किती बघायची?" स्वामी म्हणाले. "दुपारच्या आत बसवावं लागंल. शेतात कुठं जागा हाय का?"

"काळी जमीन हाय स्वामी," सटवा म्हणाला. गावात समाधीचा खड्डा तोच घ्यायचा. "दोन हात खाली गेलं की पाणी लागतंय. पाण्यात बसवायचं का वहिनीला?"

सगळ्या शिवारात पाणी न धरणारी एकच जागा होती, माळाच्या कडेची मुरमाड पट्टी. सगळ्यांना ती माहीत होती आणि कुणी नाव घेत नव्हतं. कारण त्या पट्टीवर ते सात ओटे होते.

"ओट्यापाशी ठिवू," रेवणप्पा म्हणाला. "माझा ओटा फोडा. तिथंच बसवू."

शब्द त्याचेच होते, दुसऱ्या कुणी सुचवले नव्हते. पण ते निघाल्यावर सुंदररावांनी मान वर करून त्याच्याकडं जे पाहिलं, ते त्याच्या ध्यानात राहिलं.

त्या ओट्यांची गोष्ट अशी होती. मागच्या उन्हाळ्यात बोरखंडीच्या माळावर विद्यापीठ येणार अशी बातमी आली. नुसतं कॉलेज नाही. विद्यापीठ, त्याला लागून संशोधनाच्या इमारती, कंपन्यांसाठी कॉम्प्युटरची दालनं, वसतिगृहं, मधोमध तळं. शाळेच्या पटांगणात सभा झाली. मोठ्या साहेबांनी रंगीत नकाशा टांगला आणि सांगितलं की इथून पुढं देश जमिनीवर चालणार नाही, ज्ञानावर चालणार आहे. पुढं बसलेल्या सटवानं विचारलं, "मग सायेब, जमीन कावून घेताय?" सगळी सभा हसली. साहेबही हसले आणि परत नकाशाकडं वळले.

जगदेवी त्या दिवशी शाळेच्या वऱ्हांड्यात बायकांबरोबर उभी होती. सातवीत असताना तिची सोयरीक झाली आणि शाळा सुटली होती. रोहिणी अंबाजोगाईला बी. एस्सी. शिकत होती, आणि दर मंगळवारी जगदेवी सिरसाळ्याच्या स्टँडवर जाऊन कंडक्टरकडं तिचा डबा द्यायची. सभेवरून घरी आल्यावर ती म्हणाली, "दोन एकर गेली तर जाऊ द्या. दुकान हाय की आपलं. पोरी घरची भाकर खाऊन शिकतील. कुणाला कंडक्टरचे पाय धरायला नको."

रेवणप्पाला ते पटलंही होतं. पण मग सुंदररावांनी लिंगायत गल्लीतल्या सात घरांना बोलावलं. या सातांची शेतं माळाच्या कडेला ओळीनं होती आणि त्यांच्या पाठीमागं सुंदररावांची विहीर आणि आंब्याची बाग होती. "समाधी असली की सरकार तेवढी जमीन सोडतंय," ते म्हणाले. "पलीकडच्या तालुक्यात सोडलीय. तुमच्यात माणूस पुरत्यात, तुमचं कुणी खोटं म्हणणार न्हाई. ओळीनं सात समाध्या निघाल्या तर सगळी भिंत अलीकडंच वळंल." भिंत अलीकडं वळली तर बागही वाचत होती. हे सगळ्यांना दिसत होतं. पण आपलीही जमीन वाचत होती, म्हणून कुणी बोललं नाही.

चार दिवसांत सात ओटे उभे राहिले. सिमेंट नवं दिसू नये म्हणून त्यावर मोटारीचं जळकं ऑइल ओतलं. प्रत्येकानं आपापल्या घरचं एक नाव दिलं. कुणी चुलता दिला, कुणी पणजी. सातवा ओटा रेवणप्पाचा. त्यानं आजाचं नाव दिलं. आजा खरा ओढ्यापलीकडं रुद्रभूमीत होता आणि दर शिवरात्रीला रेवणप्पा त्याला बेल वाहून यायचा.

जगदेवीला कळलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. "आजेसासऱ्यांना दोन जागी बसवलं का?"

"सरकारला दाखवायला हाय गं."

"सरकार बघून जाईल. ओटा तर तिथंच राहील ना, रिकामा." तिनं सूप खाली ठेवलं. "मला त्येचं भ्या वाटतंय. मी आता त्या शेतात यायची न्हाई." आणि ती गेली नाही. कापूस खुरपायलाही तिनं बाया पाठवल्या.

श्रावणात कचेरीची माणसं पाहणीला आली. त्यांना सात ओटे एका माळेत बघूनच हसू आलं. त्यांनी धोंडीरामचा ओटा पहारीनं फोडला आणि तीन हात खाली कोरा मुरूम दाखवला. पंचनाम्यात लिहिलं, 'सातही ओटे अलीकडे बांधलेले, बनावट, आत काही नाही.' त्यावरच हरकत घ्यायला सगळे बीडला गेले होते, आणि त्याच दुपारी जगदेवी गेली.

आता सटवानं तो ओटा फोडला आणि खाली खड्डा घेतला. मुरूम कोरडा निघाला. जगदेवीला मखरातून उतरवून आत बसवलं, तोंड पूर्वेकडं केलं. स्वामींनी तिच्या डाव्या तळहातावर तिच्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवलं, मंत्र म्हटले. मग विभूती, बेल, मीठ, आणि वर माती. सगळं रीतसर झालं. ओटा परत बांधला नाही. वर्ष झाल्याशिवाय बांधायचा नसतो. फोडलेल्या ओट्याचे दगड चारी बाजूंनी लावून ठेवले आणि मधे एक बेलाची फांदी रोवली.

माघारी येताना धोंडीराम सुंदररावांना हळूच म्हणाला, पण रेवणप्पाला ऐकू आलं, "काय बी म्हणा तात्या, सातवा ओटा तर खरा झाला."

गावात मग हेच बोलणं सुरू झालं. कुणी तोंडावर बोलत नव्हतं. पारावर रेवणप्पा आला की बोलणं थांबायचं. एकदा मीठ घ्यायला आलेल्या एका म्हातारीनं दुकानाच्या पायरीवर बसून सरळ विचारलं, "का रं रेवण, जमिनीसाठी ठिवलं का बायकोला तिथं?"

"ओढ्याला पाणी होतं, आजी."

"पाणी होतं खरं," म्हातारी म्हणाली आणि मीठ घेऊन गेली.

पाणी होतं. जागा तेवढीच कोरडी होती. हे दोन्ही खरं होतं. पण 'ओट्यापाशी ठिवू' म्हणताना आपल्या मनात जमिनीचा विचार आला होता की नाही, हे रेवणप्पाला सांगता येईना. तो रोज आठवून बघायचा. कधी वाटायचं, अजिबात नव्हता. कधी वाटायचं, होता, कोपऱ्यात कुठंतरी होता. जिवंतपणी जिथं यायला ती भ्याली तिथंच आपण तिला नेऊन बसवलं, एवढं मात्र पक्कं होतं.

रोहिणी तेराव्यापर्यंत काही बोलली नव्हती. कॉलेजला परत जायच्या आदल्या दिवशी तिनं भाकरी थापता थापता विचारलं.

"अप्पा, आईला तिथं कावून ठिवलं?"

"तू होतीस की. बघितलं न्हाईस का ओढ्याचं पाणी?"

"बघितलं. दोन दिवसांनी उतरलं पण ते."

"दोन दिवस ठिवायचं होतं का तिला तसंच?"

"मी कुठं म्हणते ठिवायचं होतं. मी विचारते, ओटा खोटा हाय असं कचेरीत लिहिलेलं तुमाला ठावूक होतं का नव्हतं?"

"ठावूक होतं."

"मग आता कागदावर आई कुठं हाय?"

हे रेवणप्पाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तो आतापर्यंत गावाच्या तोंडाचीच काळजी करत होता. कागदावर तिथं काही नव्हतं. कागदावर तिथं 'आत काही नाही' होतं.

दिवाळीनंतर माळावर खुंट्या आल्या. लाल रंगाच्या लोखंडी खुंट्या आणि त्यांच्यामधून चुन्याच्या रेघा. हरकत फेटाळली होती. सात शेतं, सुंदररावांची विहीर, बाग, सगळं नकाशात गेलं. रेवणप्पा रेघांच्या मधून चालत समाधीपाशी गेला. चार खुंट्या चार कोपऱ्यांना आणि बेलाची फांदी जवळजवळ मधोमध. मोजणीदार एका छत्रीखाली उभा होता. रेवणप्पानं त्याला विचारलं, "इथं काय होणार हाय, सायेब?"

त्यानं नकाशा उलगडला. "संशोधन इमारत क्रमांक दोन. खाली तळघर आहे, मशिनरीसाठी. पाया वीस फूट."

"वीस फूट खाली?"

"वीस फूट. का हो, विहीर आहे का इथं? नकाशात तर काही दाखवलं नाही."

 रेवणप्पा मान हलवून निघाला. बांधापर्यंत आला आणि परत फिरला. मोजणीदाराला काही सांगायचं म्हणून फिरला होता, पण तोवर छत्री दुसऱ्या शेतात गेली होती.

त्या आठवड्यात तो एकटाच बीडला गेला. गाडीत सगळ्या वाटेत तो मनात वाक्य जुळवत होता. साहेब मधल्या वयाचे होते, थकलेले, टेबलावर फायलींचा ढीग. त्यांनी त्याला बसायला सांगितलं.

"साहेब, आमी सात जणांनी खोटं सांगितलं होतं. ते ओटे आमीच बांधले होते. आत कुणी नव्हतं."

"ते माहीत आहे आम्हाला," साहेब म्हणाले. "हे सांगायला एवढ्या लांब आलात?"

"आता माझ्या ओट्यात हाय."

"काय आहे?"

"माझी बायको हाय."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. रेवणप्पानं सगळं सांगितलं, ओढा, मुरूम, स्वामी, सगळं. साहेबांनी मधे एकदाही अडवलं नाही. मग त्यांनी फाईल मागवली, पंचनामा काढला, आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"रेवणप्पा, मी तुमच्यावर विश्वास ठेवेन हो. पण बघा, काल तुम्ही आजोबा आहेत म्हणून शपथेवर लिहून दिलं. आज म्हणता बायको आहे. वरचे लोक मला विचारतील, उद्या कोण असेल? आणि तुमच्या मागून बाकीचे सहा जण आले तर?"

"त्येंच्या घरी कुणी गेलं न्हाई, साहेब."

साहेबांनी फाईल मिटली. "दोन मार्ग आहेत. एक, ती जागा उघडायची, पंचांसमोर. अवशेष दिसले की मी आजच्या आज नोंद करतो. तुम्ही मग हवं तर दुसरीकडं न्या, नाहीतर इमारत सरकवण्यासाठी मी लिहितो."

"उघडायची न्हाई. आमच्यात बसवलेलं माणूस पुन्हा हलवत न्हाईत."

"तुमच्यासाठी नाही म्हणत. मशीन लागलं की उघडणारच आहे."

रेवणप्पानं टेबलाची कड धरली.

"दुसरा मार्ग," साहेब म्हणाले, "त्या दिवशी दफनाला हजर होते अशा पाच माणसांचे जबाब. नातेवाईक चालणार नाहीत. पाहणीच्या दिवशी ओटा रिकामा होता आणि नंतर तुमच्या पत्नीला तिथं बसवलं, असं स्पष्ट लिहून सही द्यायची. तुमचा स्वतःचा कबुलीजबाब त्याला जोडा. त्यात खोटी शपथ आली, त्याचं काय होईल ते मी सांगू शकत नाही. गुन्हाही दाखल होऊ शकतो. पण पाच सह्या आल्या तर मी नोंद घेतो. संक्रांतीनंतर पहिल्या सोमवारी काम सुरू होतंय. त्याच्या आत आणा."

रेवणप्पानं कचेरीच्या दारातच अर्ज लिहिणाऱ्याकडून कबुलीजबाब लिहून घेतला. त्यानं मजकूर वाचून दाखवला आणि विचारलं, "नीट विचार केलाय ना, काका?" रेवणप्पानं सही केली. सही वाकडी आली, त्याला वाटलं ही आता चालणार नाही. पण चालली.

गावात आल्यावर तो आधी बसय्या स्वामींकडं गेला. स्वामींनी कागद दोनदा वाचला. "मी मंत्र म्हणलेत. मी न्हाई कसं म्हणू?" ते म्हणाले आणि सही केली. सटवानं अंगठा दिला. "मला काय, मी खड्डा घेतला," तो म्हणाला. "खोटा ओटाबी मीच बांधला होता, तेबी लिवा." वत्सलाबाईनं अंगठा देताना विचारलं, "ह्यानं ती तिथंच राहील ना रं?" रेवणप्पा म्हणाला, "राहील." मग म्हणाला, "बघू."

तीन झाल्या. त्या दिवशी समाधीपाशी चाळीस माणसं तरी होती. रेवणप्पाला वाटलं होतं, पाच म्हणजे काहीच नाही.

धोंडीराम अंगणात बाज विणत होता. त्यानं कागदाला हात लावला नाही.

"रेवणप्पा, कागदात काय हाय ते मला कळलंय. तिथं वहिनी हाय असं मी लिवून दिलं, तर तुझा आजा तिथं न्हाई असं होतंय. एका समाधीत दोघं बसत न्हाईत, हे साहेबालाबी कळतंय. तुझा आजा न्हाई, तर माझा चुलता तरी कुठनं आला? मीबी शपथ घेतलीय बे."

"तुझा ओटा तर फोडलाय त्येंनी. रिकामा निघालाय."

"निघाला. पर मी अजून कबूल न्हाई केलं." त्यानं दोरी ताणली. "वकील म्हणतोय, आपण सात जण एका बोलीवर राहिलो तर कोर्टात अजून काय तरी होईल. मोबदला वाढंल. तू फुटलास. आता आमालाबी फोडतोस का?"

"तू मखराला खांदा दिला होतास, धोंडीराम."

"दिला होता." धोंडीरामची मान खाली होती. "खांदा दिला म्हणून सही द्यायची असं असतंय का?"

बाकीच्या पाच घरांतही हेच झालं. कुणी म्हणालं पोराची नोकरी लागायची आहे, कुणी म्हणालं वकिलाला विचारून सांगतो. एकानं आतून बायकोला सांगायला लावलं की घरी नाहीत, आणि त्याचा खोकला बाहेर ऐकू येत होता. सात घरांच्या बाहेरची माणसं सुंदररावांकडं बोट दाखवत होती. ते म्हणाले तर आम्ही सही करतो.

शेवटी रेवणप्पा सुंदररावांच्या वाड्यावर न जाता त्यांच्या बागेत गेला. बागेतही चुन्याच्या रेघा होत्या. सुंदरराव एका झाडाखाली बसले होते.

"रेवणप्पा, तू मला इचारायला पायजे होतं."

"इचारलं असतं तर तुमी न्हाई म्हणाला असता."

"म्हणालोच असतो. एवढं सगळं मी कुणासाठी केलं?"

"तात्या, बागेसाठी केलं."

सुंदरराव हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "बागेसाठीच. पंचवीस वर्षांची झाडं हायत. तू बायकोसाठी पळतोयस, मी झाडांसाठी पळतो. माझा दावा चालू हाय तोवर मी त्या कागदाला हात लावणार न्हाई. आन एक सांगतो, ऐक. विद्यापीठ व्हावं असं जगदेवीवहिनीच म्हणायच्या ना? मग झालं की त्येंच्या मनासारखं."

रेवणप्पा उठून आला. बांधावर येईपर्यंत त्याला राग आला नव्हता. मग एकदम आला, आणि त्याच्याबरोबर हेही आलं की सुंदररावांचं बोलणं खोटं नव्हतं. तिला विद्यापीठ हवं होतं. त्यालाही ते बंद पाडायचं नव्हतं. इमारत दहा हात सरकली की पुरे होतं. एवढ्या मोठ्या माळावर दहा हात.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाच्या मागच्या दारी केशरबाई आली. सुंदररावांची बायको. जगदेवीच्या अंघोळीला वत्सलाबाईबरोबर तीही होती. तिनं पदर तोंडावर धरला होता.

"भावजी, माझी सही चालंल का?"

"चालंल की वैनी. सज्ञान माणूस पायजे, एवढंच म्हणलेत."

तिनं कागद घेतला. तिला वाचता येत होतं. तिनं सगळा वाचला. पेन हातात घेतलं, टोपण काढलं. मग टोपण परत लावलं.

"हिरवं लुगडं मीच नेसवलं तिला," ती म्हणाली. "मला सही येती. पर मला त्याच घरात राहायचं हाय, भावजी." कागद त्याच्या हातात देऊन ती आली तशी गल्लीनं निघून गेली. रेवणप्पानं तिला अडवलं नाही.

संक्रांतीला रोहिणी आली. तिनं तीळगूळ केला नाही, आईचं वर्ष झालं नव्हतं. तिनं कागद पाहिला आणि वडिलांची सही पाहिली.

"अप्पा, केस झाली तर?"

"होऊ दे."

"तुमी आधीच हे सांगितलं असतं तर..."

"आधी म्हणजे कवा?"

ती विचार करत बसली. "कवा ते मलाबी न्हाई सांगता येत," ती म्हणाली. मग तिनं डोक्यावरून ओढणी घेतली. "मी जाते घरोघरी. मला न्हाई म्हणायला त्येंना जड जाईल."

दोघं बापलेक शुक्रवारी आणि शनिवारी फिरले. लोकांनी रोहिणीला चहा दिला, तिच्या आईची आठवण काढली, दोन बायका रडल्या. सही कुणी केली नाही. धोंडीराम म्हणाला, "सोमवारच्या सकाळपर्यंत बघतो." हो म्हणाला नाही, पण नाहीही म्हणाला नाही, त्यामुळं रेवणप्पाला झोप लागेना. तो उजाडल्यापासून धोंडीरामच्या घराच्या दिशेनं बघत दुकानात बसायचा. कुणी गिऱ्हाईक आलं की दचकायचा.

रविवारी दुपारी सिरसाळ्याच्या रस्त्यानं एका ट्रेलरवर पिवळं मशीन आलं आणि माळाच्या कडेला उतरलं. लोक बघायला गेले. रेवणप्पाही गेला. तो मशीनकडं न जाता समाधीपाशी जाऊन उभा राहिला. ड्रायव्हर परप्रांतातला होता, त्यानं हात करून विचारलं, इथं काय आहे. रेवणप्पानं त्याला हिंदीत सांगितलं, "मेरी घरवाली है." ड्रायव्हरनं मान डोलावली. पण तो म्हणाला, त्याला साहेबांचा नकाशा बघावा लागतो, आणि नकाशात इथं काही नाही.

संध्याकाळी रोहिणीनं कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला. पहाटेची पहिली गाडी धरून बीडला जायचं, आहे त्या सह्या घेऊन साहेबांच्या दारात बसायचं, असं दोघांनी ठरवलं. जायच्या आधी धोंडीरामच्या घरावरून जायचं.

तीन जबाब झाले आहेत. दोन अजून व्हायचे आहेत. जगदेवीची नोंद नकाशात झालेली नाही.